मांजर तोंड वासतं ते किळस आल्यामुळे नव्हे

जिन्याचा कोपरा हुंगून झाला की बोका वरचा ओठ किंचित उचलतो, तोंड अर्धवट उघडं ठेवतो आणि काही क्षण तसाच थबकतो. ‘बघा, त्यालाही घाण वास सहन होईना,’ असं गिरगावापासून मुलुंडपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हे चूक आहे.

तो वास टाळत नसतो, उलट अधिक बारकाईने घेत असतो. मांजराच्या वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूत, दोन बारीक छिद्रं असतात. तिथल्या नळ्या एका वेगळ्या गंधेंद्रियाकडे जातात. डॅनिश शास्त्रज्ञ लुडविग याकोबसन यांनी १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते याकोबसनचं इंद्रिय. दुसऱ्या मांजराच्या लघवीतले रासायनिक संदेश तिथे टिपले जातात: इथून कोण गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का. म्हणूनच ससून डॉकवर माशांच्या पाटीपुढे मांजरं सहसा असं तोंड करत नाहीत. खाण्याच्या वासाला नेहमीचं नाक पुरतं.

देवनारच्या बाजारात बोकड ओठ वर करतो, तेव्हा तो ‘हसत’ नसतो, तेही हेच. घोडे आणि रेडेही असं करतात. सापाची लवलवती जीभसुद्धा डंखासाठी नसते, ती गंधाचे कण याच इंद्रियापर्यंत पोचवते.

मात्र मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर ते दुखणं समजावं आणि त्याला लगेच परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.