मुख्यमंत्रिपद रिकामं झालं तर गोव्यात पुढे कोण?

मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी गेले, तेव्हा गाड्यावर रस-ऑम्लेट खातानाही लोक विचारत होते, आता दोन नंबरचा कोण? राज्यघटनेत दोन नंबर नाहीच. मुख्यमंत्र्यांच्या निधनाबरोबर अख्खं मंत्रिमंडळ संपतं. उपमुख्यमंत्रीही कायद्याने इतरांसारखाच मंत्री, त्यामुळे त्याचंही पद जातं.

नवी नेमणूक कलम १६४ खाली राज्यपाल करतात, पण मर्जीने नव्हे. बहुमत कोणाकडे, ते बघून. चाळीसच्या चाळीस आमदार असतील तर २१ हवेत.

पात्रता फार नाही: भारताचं नागरिकत्व, वय किमान २५ आणि गोव्याच्या मतदारयादीत नाव. शपथेच्या दिवशी आमदार असायलाच हवं असं नाही, मात्र सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. १४ मार्च २०१७ रोजी शपथ घेतली तेव्हा पर्रीकर आमदार नव्हते. ऑगस्टमध्ये ते पणजीतून निवडून आले. निवडून न येता पुन्हा शपथ घेऊन आणखी सहा महिने काढण्याची पळवाट सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच बंद केली.

कागदपत्रांचं म्हणाल तर छापील अर्ज नाही, फी नाही. लागतात ती पत्रं: विधिमंडळ पक्षाने नेता निवडल्याचं, आणि आघाडी असेल तर मित्रपक्षांच्या व अपक्षांच्या पाठिंब्याची, सह्यांसकट. खरी ओढाताण या सह्यांची. गोव्यात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त बारा मंत्री, म्हणजे वाटायला थोडं आणि मागणारे बरेच. २०१९ ला भाजप, मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्ष यांचं जुळता जुळता १८ मार्चचा दिवस सरला. दोनापावलच्या राजभवनात प्रमोद सावंत यांनी शपथ घेतली तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते!

सावंत तोवर सभापती होते. सभापतीने आपला राजीनामा उपसभापतींकडे द्यायचा असतो, राज्यपालांकडे नव्हे. २० मार्चला पर्वरीत विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. सभागृहात तेव्हा ३६ आमदारच उरले होते, म्हणून २० पुरले.

आजारपणाने मात्र पद रिकामं होत नाही. मार्च २०१८ मध्ये उपचारासाठी अमेरिकेला जाताना पर्रीकरांनी तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली; मुख्यमंत्री तेच राहिले.