मोबाइल ग्राहकाचे हक्क आणि स्पर्धा कायदा (भारत)

मोबाइल सेवेतील गैरव्यवहाराविरुद्ध भारतात मुख्यतः दोन कायदे कामी येतात. एकट्या ग्राहकाला भरपाई मिळते ती ग्राहक संरक्षण कायद्याखाली (१९८६, त्याच्या जागी २०१९ चा, अंमल २० जुलै २०२०). बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर रोखण्यासाठी स्पर्धा कायदा, २००२ आहे. मात्र तक्रार ऐकायची कोणी, या प्रश्नावर दोन्हीकडची प्रकरणे वर्षानुवर्षे अडून राहिली.

भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील कलम ७-ब नुसार टेलिफोनचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाई. हा खास उपाय असताना ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. त्या निकालाकडे बोट दाखवून मोबाइल बिलांच्या तक्रारी मंचांतून परत पाठवल्या जाऊ लागल्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. म्हणजे काहीशे रुपयांच्या बिलासाठी भांडणाऱ्या माणसाला जवळचे असे एकही दार उघडे नव्हते.

ते उघडले अहमदाबादच्या एका ग्राहकामुळे. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या या ग्राहकाला २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. २०१४ मध्ये त्याने जिल्हा मंचात तक्रार केली. कंपनीने अधिकारकक्षेचा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ‘व्होडाफोन आयडिया’चे अपील फेटाळले. ग्राहक कायद्यातील उपाय इतर उपायांच्या जोडीचा आहे; ग्राहक हवे तर लवादाकडे जाईल, पण त्याच्यावर तशी सक्ती नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्यात ‘दूरसंचार’ हा शब्द नव्याने आला, म्हणून १९८६ च्या कायद्यातून ही सेवा वगळलेली होती असे होत नाही, हेही त्यात आले. हा निकाल १३ वर्षे आधी यायला हवा होता.

स्पर्धा कायद्यातही हाच पेच पडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. जुन्या कंपन्या पुरेशा आंतरजोडण्या (एका कंपनीचा कॉल दुसरीच्या नेटवर्कवर पोचवणारे दुवे) देत नसल्याने आपल्या ग्राहकांचे कॉल लागत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये दिलेला चौकशीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला. आधी ट्रायने तांत्रिक बाबी ठरवाव्यात, मग आयोगाने स्पर्धेचा प्रश्न पाहावा, असा क्रम सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी घालून दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच. पण ज्याचा कॉल आज लागत नाही त्याच्यासाठी हा क्रम फार लांबचा आहे.

फोनमधील सॉफ्टवेअरबाबत मात्र आयोगाची वाट मोकळी होती. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच भरून द्यावीत, ही उत्पादकांवरची अट आयोगाने गैर ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले.

ग्राहकाला सर्वाधिक बळ दिले ते नंबर पोर्टिंगने. त्याआधी कंपनी सोडायची तर नंबरही सोडावा लागे, म्हणून लोक निमूटपणे वाईट सेवा सोसत. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आली, पण एकाच सर्कलपुरती, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच विभागापुरती. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही वेगळी सर्कल असल्याने साताऱ्याहून मुंबईत नोकरीला आलेल्याला नंबर मुंबई सर्कलमध्ये नेता येत नसे. ती अडचण ३ जुलै २०१५ रोजी सुटली.

आज तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असून, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.