ग्रीन टी आणि भाकरीतलं लोह

सकाळी अजिंक्यतारा चढून उतरायचं आणि घरी येऊन नाचणीची भाकरी, मेथीची भाजी नि सोबत कपभर ग्रीन टी. साताऱ्यात बऱ्याच जणांना हा बेत आरोग्याचा वाटतो. भाकरी उत्तम, चहाही वाईट नाही, पण दोघांची वेळ चुकली.

आधी एक घोळ निस्तरू. परसातला गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे, ते गवत. ग्रीन टी आपल्या नेहमीच्या चहाच्याच झुडपाची. पानं खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. त्यामुळे त्यांना काळपट करणारं विकर (एन्झाइम) निकामी होतं आणि कॅटेचिन, म्हणजे चहाच्या पानातली तुरट द्रव्यं, शाबूत राहतात.

त्यातलं मुख्य कॅटेचिन ईजीसीजी. त्याच्या रेणूत दोन ठिकाणी तीन-तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारी-शेजारी असतात आणि लोहाचा आयन ते चिमट्यासारखे धरतात. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून ठेवा, पाणी शाईसारखं काळं होतं. आतड्यात याच जातीची क्रिया घडते आणि धरलेलं लोह रक्तात शिरत नाही. धान्य-भाजीतल्या लोहाला हा फटका जास्त. मटणातलं बरंचसं लोह हीमच्या (रक्ताला लाल रंग देणाऱ्या रेणूच्या) कड्यात बसलेलं असतं, त्याला कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणून हे पाल्हाळ. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. भाजीवर लिंबू पिळा. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

कपभर, म्हणजे २०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. महाबळेश्वरला ते ९५ अंशांनाच उकळतं, तेही जास्तच. गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग पत्ती टाकून दोन-तीन मिनिटांत गाळा. उकळत ठेवली की कडवट होते.

ग्रीन टीने वजन उतरतं म्हणतात, पण ती घट चाचण्यांमध्ये नगण्य निघाली. ‘डिटॉक्स’ हा तर पाकिटावरचा शब्द. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकट करतात.

खरा धोका ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचा. कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी उतरतं. गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्तात यकृताची विकरं वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. उपाशीपोटी गोळी घेतली तर रक्तातलं प्रमाण आणखी चढतं. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून डॉक्टरकडे जा. बाटली सोबत न्या, लेबलावरचं प्रमाण त्यांना लागेल.