वापरसुलभता-चाचणी, स्पर्श व आवाजी माध्यमांची

बोटाने किंवा तोंडी सूचनेने चालणारे यंत्र ज्यांच्यासाठी केले त्यांना कितपत जमते, हे त्यांच्याच हाती देऊन तपासण्याची पद्धत. आयएसओ ९२४१-११ या मानकात (१९९८; सुधारित २०१८) परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान हे निकष आहेत. समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांची १० विधानांची प्रश्नावली (१९८६ च्या सुमारास) रूढ आहे.

चाचणीला किती माणसे बसवावीत, हा जुना वाद आहे. वापरसुलभतेचे संशोधक नील्सन व लँडाउअर यांच्या १९९३ च्या सूत्रावरून ५ जण पुरतात असा संकेत पडला : एखादी अडचण एका माणसाला आढळण्याची संभाव्यता सरासरी ०.३१ धरली, तर ५ जणांत सुमारे ८४ टक्के अडचणी उघड होतात. स्पूल व श्रोडर (२००१) यांना संकेतस्थळांच्या चाचण्यांत हे प्रमाण बरेच कमी आढळले. संभाव्यता ०.१० वर आली, तर ५ जणांत जेमतेम ४१ टक्के अडचणी सापडतात. आवाजी यंत्रांबाबत हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण तेथे अडचण बोलणाऱ्यागणिक बदलते.

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात हे विशेष जाणवते. घाटावरून आलेल्यांची मराठी, हिंदीमिश्रित बोलणे आणि मूळच्या आगरी-कोळी गावांची बोली येथे शेजारी नांदतात. आगरीत ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ बहुधा होतो. त्यामुळे घणसोलीचे ‘घनसोली’, नेरूळचे ‘नेरूल’. एकाच महाविद्यालयातले ५ विद्यार्थी बसवले, तर ही विविधता चाचणीत उतरतच नाही.

आवाज-ओळखीचे रूढ माप म्हणजे शब्दत्रुटी-दर : बदललेले, गळलेले व जादा घुसलेले शब्द भागिले मूळ शब्द. ‘ठाणे ते घणसोली एक तिकीट द्या’ या ६ शब्दांत ‘द्या’ गळला काय किंवा ‘घणसोली’ चुकले काय, दर सुमारे १७ टक्केच. पहिल्या वेळी तिकीट बरोबर निघेल. दुसऱ्या वेळी प्रवासी भलत्याच स्थानकाचे पैसे भरेल. म्हणून काम पुरे झाले की नाही, याची वेगळी नोंद अत्यावश्यक आहे. उद्घोषणा चालू असताना फलाटावर घेतलेली चाचणी बंद खोलीतल्या चाचणीहून मोलाची ठरते.

स्पर्शासाठी फिट्स यांचा १९५४ चा नियम पायाभूत आहे : लक्ष्य जितके लहान व दूर, तितका वेळ अधिक. डब्ल्यूसीएजी २.२ (२०२३) ही संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शिका काही अपवाद सोडता किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेलचे (संकेतस्थळांवरील मापाचे एकक) बटण सांगते. कपॅसिटिव्ह पडदा (बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल टिपणारा) पाण्याच्या थेंबालाही बोट समजू शकतो. त्यामुळे ठाणे–नवी मुंबईतील चाचण्यांपैकी काही पावसाळ्यात, ओल्या हातांनी घ्याव्यात.