नॅनोकण, कालवे आणि होडीचा रंग

कालवे आणि तिसऱ्या हे शिंपल्यांतले जीव खाडीचे पाणी गाळून जगतात. भरतीबरोबर जे येईल ते त्यांच्या कल्ल्यांतून जाते. म्हणून कोकणात नॅनोकणांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की माशांआधी त्यांचा विचार व्हायला हवा, असे मला वाटते.

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. सनस्क्रीन, रंग, कपडे यांत ते आधी आले. जिवांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मागाहून आला. २००४ मध्ये अमेरिकेत इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी फुलरीन हे कार्बनचे नॅनोकण मिसळलेल्या पाण्यात बास जातीचे लहान मासे ४८ तास ठेवले. त्यांच्या मेंदूतील स्निग्ध पदार्थांना इजा झालेली आढळली आणि खळबळ माजली. पुढे इतरांच्या प्रयोगांत दिसले की फुलरीन पाण्यात मिसळायला वापरलेल्या द्रावकापासून बनणारी द्रव्येही विषारी असतात. मग दोष कणाचा किती नि द्रावकाचा किती? हा वाद महत्त्वाचा ठरला, कारण त्यानंतर चाचण्यांच्या पद्धती कसून तपासल्या जाऊ लागल्या. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनेही २००४ मध्येच, पुरेशी माहिती मिळेपर्यंत हे कण निसर्गात सोडणे शक्यतो टाळा, असा सल्ला दिला.

उशिरा जाग येण्याची किंमत समुद्राने आधीच मोजली होती. बोटींच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग असलेला रंग लावत. फ्रान्समधील आर्काशों उपसागरातली कालवे त्याने वेडीवाकडी वाढली, त्यांची पैदास खुंटली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार मात्र २००८ मध्ये लागू झाला. आता तांब्याचे रंग चालतात, आणि तांबे व जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरण्यावर संशोधन सुरू आहे. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून रंगवणाऱ्या आपल्या लोकांशी याचा थेट संबंध आहे.

खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होऊन गाळात बसतात. जस्ताचे कण विरघळून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, हेही सोडतात. गाळात तिसऱ्या राहतात. विषारीपणाची प्राथमिक चाचणी मात्र बहुधा गोड्या पाण्यातल्या डाफ्निया या इवल्याशा कवचधारी जिवावर होते. तिचा निकाल खाडीला जसाच्या तसा लावणे चूक आहे. भारताने २०२० मध्ये नॅनो-उत्पादनांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या शेतीतील निविष्ठा आणि खाद्यपदार्थांपुरत्या. होडीचा रंग त्यांत येत नाही.