पार्श्वभूमी : मराठवाड्यातला दुहेरीचा खेळाडू आणि १.१५ मीटरचा नियम

पुण्याच्या लष्करी वसाहतीत १८७०च्या दशकात बॅडमिंटनचे नियम लिहिले गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुहेरीची गोष्ट मात्र आपल्याकडे फार उशिरा सुरू होते. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये पुरुष दुहेरीत कांस्य मिळालं, तरी ‘एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी’ हा शेरा पुढची कितीतरी वर्षं तसाच राहिला. महिलांच्या जोडीने २०१०ला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ला जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, तेव्हा तो जरा ढिला झाला. पुढे एका परदेशी प्रशिक्षकाने मुंबईच्या आणि आंध्रच्या दोन उंचपुऱ्या पोरांची जोडी जमवली. २०२२चा थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा), २०२३चं एशियाड सुवर्ण आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान, एवढं झाल्यावर जालना-परभणीतले पालकही दुहेरीबद्दल विचारू लागले.

त्याआधी २००६मध्ये गुणपद्धत बदलली होती. प्रत्येक रॅलीला गुण आला, दुहेरीत जोडीला मिळणारी दुसरी सर्व्हिस गेली. तेव्हापासून सर्व्हिस आणि तिचा परतावा, या पहिल्या दोन-तीन फटक्यांतच बराचसा सामना ठरतो. म्हणूनच सर्व्हिसच्या उंचीबद्दलचा २०१८चा निर्णय एवढा गाजला.

पूर्वी सर्व्हिस कमरेखालून करायची आणि कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. ती प्रत्येकाची वेगळी, आणि ढगळ टी-शर्टाआड ती कुठे आहे हे सर्व्हिस जजने, म्हणजे फक्त सर्व्हिस तपासणाऱ्या पंचाने, अंदाजानेच ठरवायचं. वादांना अंत नव्हता. मार्च २०१८पासून आधी प्रयोग म्हणून आणि मग कायमचा नियम आला : रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं फूल (शटल) जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. उंच खेळाडूंनी मोठी ओरड केली, कारण त्यांना गुडघ्यात वाकून सर्व्हिस करावी लागली. बुटक्यांचा फायदाच झाला. पाच फूट दोन इंचांच्या मुलीची बरगडी या रेषेच्या बरीच खाली असते. तिला फूल आता अधिक उंचीवरून, जाळीला जवळजवळ घासून सोडता येतं. माझ्या मते निर्णय योग्यच होता. एकच रेषा सगळ्यांना, यापेक्षा न्याय्य काय असणार?

पण ही रेषा पाहायला स्टँडवर बसवलेलं पारदर्शक पट्ट्यांचं उपकरण लागतं, आणि त्यातून नजर रोखून बसणारा सर्व्हिस जज लागतो. जिल्ह्याच्या स्पर्धेत बहुतेकदा दोन्ही नसतात. पंच उंच खुर्चीवरून बघतो, शंका आली तरी सोडून देतो. मग मोठ्या स्पर्धेत पहिल्याच गेममध्ये दोनदा ‘फॉल्ट’ ऐकू आला की मुलाचा हात आखडतो. जाणकार प्रशिक्षक यावर साधा उपाय करतात : दोन खांबांना १.१५ मीटरवर दोरी बांधायची आणि तिच्याखालून शेकडो सर्व्हिस मारून घ्यायच्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये हेही अवघड होतं. तापलेल्या हवेत फूल पळतं, कोरड्या हवेत पिसं तडकतात, आणि महागडं फूल काही रॅलीतच निकामी होतं. २०२३मध्ये फिरकी सर्व्हिसवर, म्हणजे फूल बोटांनी फिरवून सोडण्यावर, बंदी आली, तेव्हा त्यावरही बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या मुलांना ती शिकायलाच वेळ मिळाला नव्हता.

याहून मोठी अडचण जोडीदाराची. एकेरीवाला भिंतीशी, प्रशिक्षकाशी, मोठ्या मुलांशी खेळून वाढू शकतो. दुहेरीवाल्याला रोज त्याच कोर्टवर त्याच तोडीचा दुसरा हवा. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर यांत सुमारे अडीचशे किलोमीटर. एक इकडचा, एक तिकडचा असेल तर जोडी फक्त स्पर्धेच्या दिवशी भेटते. त्यातला एक पुण्याला किंवा हैदराबादला गेला की दुसरा मागे राहतो, आणि जागतिक क्रमवारीचे गुण तर जोडीच्या नावावर असतात.

पैशाचंही तसंच. जागतिक मालिकेतल्या वरच्या स्तराच्या स्पर्धेत एकूण बक्षिसाच्या ७ टक्के रक्कम एकेरीच्या विजेत्याला मिळते, दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ३.७. प्रवास, हॉटेल आणि प्रशिक्षकाचा खर्च मात्र प्रत्येकाला पूर्णच भरावा लागतो.