वाचणे-छापणे हे भाषेचे काम की यंत्राचे?

जानेवारी 1960 मध्ये पॅरिसला युरोप-अमेरिकेतले 13 तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अल्गोल 60 या संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा मसुदा पक्का केला. व्याकरणाच्या नेमकेपणात या अहवालाला त्या काळी तोड नव्हती. पण आकडा वाचायचा कसा आणि उत्तर छापायचे कसे, याबद्दल त्यात एकही विधान नव्हते. हा विसराळूपणा नव्हता. प्रत्येक यंत्राची उपकरणे वेगळी, अक्षरसंच वेगळे; म्हणून तो भाग ज्याने त्याने आपापल्या यंत्रापुरता ठरवावा, असे धोरण होते.

त्याआधी 1957 मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने 704 या संगणकासाठी आणलेल्या फोरट्रान या भाषेची वाट उलटी होती. कार्ड वाचायला रीड, छापायला प्रिंट, कार्डावर भोके पाडायला पंच, टेप आणि ड्रम या माहिती साठवण्याच्या उपकरणांसाठी आणखी निराळ्या आज्ञा. सगळी उपकरणे भाषेतच गुंफलेली. तिचे खरे देणे म्हणजे आकड्यांची मांडणी सांगणारे फॉरमॅट विधान. ‘आय5’ म्हणजे पूर्णांकाला पाच रकाने; ‘एफ10.3’ म्हणजे एकूण दहा रकाने, दशांशचिन्हापुढे तीन अंक. 80 रकान्यांच्या कार्डावर काम करणाऱ्याला ही मांडणी चटकन उमजायची.

छपाईत मात्र एक खाच होती. ओळीतले पहिले अक्षर छापले जात नसे, ते कागद सरकवण्याची खूण समजले जाई: ‘0’ असेल तर एक ओळ सोडायची, ‘1’ असेल तर नवे पान. ओळीच्या सुरुवातीला कोरी जागा न सोडता ‘आय5’ने 12345 छापायला गेले, की कागद नव्या पानावर जाई आणि हाती 2345 पडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा संगणक आला, तेव्हा त्यावरही फोरट्रान चालत असे.

अल्गोलच्या मौनाची किंमत मोठी होती. एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसरीकडे नेला की वाचण्या-छापण्याच्या ओळी नव्याने लिहाव्या लागत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या समितीने 1964 मध्ये एक प्रस्ताव मांडला, पण तोवर जो तो आपल्या वाटेने गेला होता. इतक्या देखण्या भाषेची ही आबाळ टाळता आली असती, असे मला ठामपणे वाटते.

कारण मधला मार्ग होता. बीसीपीएल या भाषेने वाचणे-छापणे भाषेबाहेर, ग्रंथालयातल्या म्हणजे तयार संग्रहातल्या फंक्शनांकडे (ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यांकडे) सोपवले. तिच्या ‘राइटएफ’ या छापणाऱ्या फंक्शनमधूनच पुढे सी या भाषेचे ‘प्रिंटएफ’ आले. सीमध्येही छापण्याची आज्ञा नाही, पण माइक लेस्क यांनी अनेक यंत्रांवर चालेल असे ग्रंथालय लिहिले. डेनिस रिची यांनी ते नव्याने घडवले आणि 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्स या कार्यप्रणालीसोबत ते सर्वदूर गेले. फॉरमॅट आता साधी अक्षरमाला झाली होती, त्यामुळे पूर्णांकाच्या जागी अपूर्णांक दिला तरी त्या काळचा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) हटकत नसे. भलताच आकडा छापला जाई. 1989 च्या अमेरिकन मानकाने भाषेबरोबर हे ग्रंथालयही बंधनकारक केले.